तार मेलेली नसते

खांबावर चढलेल्या माणसाला खालचं जग फार स्वच्छ दिसतं. कुणाच्या परड्यात काय वाळत घातलंय, कुठल्या भावाभावांचा अबोला सुरू आहे, आणि कुणाच्या गोठ्यामागून वीज चोरायला गुपचूप तारेवर आकडा टाकलेला आहे, सगळं एका नजरेत. मी वीज कंपनीत वायरमन होतो. बारामतीकडून इंदापूर तालुक्यात शिरलं की लागणाऱ्या गावांमध्ये आणि वस्त्यांवर माझी सगळी नोकरी गेली. आता निवृत्त झालोय. तरी रस्त्यात भेटलेला माणूस अजून नावानं हाक मारत नाही, ‘वायरमन’च म्हणतो. माझं नाव भानुदास आहे हे बहुधा फक्त बायकोला, मंगलला, आणि पेन्शनच्या बँकेला माहीत असावं.

या नोकरीत नमुने फार भेटले. एका वस्तीवरच्या आजी दर सणाला डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, नैवेद्य ठेवायच्या. दसऱ्याला डीपीला हार घालणारे पुष्कळ असतात, पण या आजी पुरणपोळीचं ताट कुंपणाच्या आत हात घालून थेट पेटीवर ठेवायच्या. “देवाला लांबनं दिलं तर कसं पोचंल?” हा त्यांचा सवाल. मी सांगून थकलो. शेवटी कुंपणाबाहेर एक दगड मांडला, त्याला शेंदूर फासला आणि म्हटलं, “आजी, हा डीपीचा पायरीदेव. याला दाखवल्याशिवाय आतला घेत न्हाय.” तेव्हा कुठं जमलं.

पण आज सांगायचं आहे ते एका संध्याकाळविषयी. मी कामावरून सायकलवर घरी निघालो होतो, आणि वळवाचा पाऊस आला होता.

सायकल का, असं मला सगळेच विचारत. आमच्या रस्त्यावरून बारामती एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं मोटारसायकलींचे थवेच्या थवे करून जायची, आणि मी आपला एका कडेनं पायडल मारत. गाडी होती घरात, नाही असं नाही. पण मोटारसायकलवरून फक्त खड्डे दिसतात, सायकलवरून तारा दिसतात. कुठं चिनी मातीचं भांडं, म्हणजे इन्सुलेटर, तडकलंय, कुठं फांदी तारेला टेकायला आलीय, कुठं खांब कलायला लागलाय, हे जाता येता बघून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी काम करताना शोधाशोध करावी लागत नाही. लोकांना वाटायचं वायरमन कंजूष आहे. वाटू दे.

तो दिवस वैशाखातला. सकाळपासून अंगाची लाही होत होती. दुपारनंतर वारा पडला, पान हलेना, आणि शेळगावच्या अंगाला आभाळ काळंनिळं होऊन खाली उतरलं. माझी पाळी संपली तेव्हा सबस्टेशनवर शैलाताई ऑपरेटर होत्या. सबस्टेशनमधून वेगवेगळ्या गावांकडं ज्या मोठ्या लाईनी निघतात त्यांना आम्ही फीडर म्हणतो. ते चालू-बंद करायची जबाबदारी ऑपरेटरची.

“वायरमन, थांबा थोडं. येऊन जाऊ द्या पाऊस,” शैलाताई म्हणाल्या.

“घरी मंगल एकलीच हाय,” मी म्हटलं. “गाय आज-उद्या विणार. पत्र्याचा गोठा. आत्ता निघालो तर पावसाच्या आधी पोचंन.”

पोचलो नाही. निम्मा रस्ता झाला नसेल, समोरून धुळीची भिंतच चालत आली. डोळे मिटून सायकल दाबत राहिलो. धूळ संपते न संपते तोच टपोरे थेंब, आणि त्यांच्यामागून गारा. डोक्यावर, खांद्यावर, बोटांच्या पेरांवर कुणीतरी खडे मारावेत तशा. वारा आडवा. सायकल माझ्याखाली राहीना, मी सायकलवर राहीना. रस्त्याच्या कडेला मोठी लिंबाची झाडं होती, त्यांच्याखाली दोन-तीन मोटारसायकलवाले अंग चोरून उभे होते. “अवो काका, या की आडोशाला!” एकानं हाक मारली. मी ओरडलो, “झाडाखालनं निघा! इजा पडायल्यात!” त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

तेवढ्यात पहिली वीज इतकी जवळ पडली की उजेड आणि आवाज एकदमच झाला. सायकल टाकली, तिच्यापासून लांब शेतात पळालो आणि एका खोलगट जागी चवड्यांवर उकिडवा बसलो. पाय जवळ, मान खाली, हात कानांवर. आयुष्यभर विजेच्या संगतीत राहिलो, पण ती तारेतली वीज. तिला बटण असतं. या वरच्या विजेला बटण नाही. खोटं कशाला सांगू, त्या बसल्या जागी मी देवाचं नाव घेतलं आणि गायीचंही घेतलं.

कडकडाट जरा लांब सरकला तसा उठलो, सायकल उचलली आणि पुन्हा निघालो. हँडल वाकडं झालं होतं. उसाचे फड झोपले होते. एका मळ्यातली डाळिंबाची झाडं नुसत्या काड्या होऊन उभी होती, खाली पाल्याचा आणि कच्च्या फळांचा सडा. गारा थांबल्या होत्या, पाऊस मात्र धरून होता. आमच्या वस्तीच्या अलीकडं रस्ता खाली उतरतो, तिथं ओढ्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, आहे. पाऊस झाला की तिथं पाणी साचतं. त्या उतारावर आलो आणि ब्रेक दाबले.

वरची अकरा हजार व्होल्टची तार तुटून रस्त्यावर आडवी पडली होती. एक टोक खांबाला लोंबत होतं, दुसरं फरशीवरच्या पाण्यात बुडालेलं. गढूळ पाण्यात ते दिसतही नव्हतं. मला दिसलं कारण मी वर बघत येत होतो, तीनऐवजी दोनच तारा दिसल्या म्हणून.

इथं थोडं समजावून सांगतो. तार तुटली की बहुतेक वेळा सबस्टेशनमध्ये फीडर आपोआप पडतो, म्हणजे बंद होतो. गावातली लाईट जाते. लोकांना वाटतं, लाईट गेली, म्हणजे तार मेली. पण वादळात फीडर वीस कारणांनी पडतो. फांदी घासली, पाखरू चिकटलं, नुसता वारा आला तरी. म्हणून पाऊस ओसरला की ऑपरेटर तो एकदा चालू करून बघतो. आम्ही त्याला ‘चार्ज करणं’ म्हणतो. त्यात त्याची चूक काहीच नाही. दवाखाना असतो, पाण्याच्या मोटारी असतात, लोकांचे फोन असतात. तार तुटलीय हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं?

म्हणजे पाण्यातली ती तार त्या घडीला गप्प होती. पण शैलाताई पाऊस कमी व्हायची वाट बघत बसल्या असणार, आणि पाऊस कमी होत चालला होता.

फोन काढला. रेंज नाही. टॉवरचीच लाईट गेलेली.

मी सायकल रस्त्यात आडवी टाकली, बाभळीच्या मोडलेल्या फांद्या ओढून तिच्या बाजूला लावल्या, आणि मागं सरकून उभा राहिलो. पलीकडच्या बाजूची मला काळजी होती, पण तिकडच्या चढावर एक झाड उन्मळून रस्ता आपोआप बंद झाला होता. राहिली माझीच बाजू.

पहिले आले ते एमआयडीसीतले दोघे, लिंबाखाली उभे असलेले. जिवंत बघून बरं वाटलं. मी तार दाखवली, ते मुकाट्यानं गाडी लावून उभे राहिले. त्यांच्या मागून रंगनाथतात्या आले, मोटारसायकलवर, डोक्यावर खताचं पोतं पांघरून. त्यांना बघून माझ्या कपाळावर आठी पडली. तात्या म्हणजे आमच्या भागातला आकड्यांचा राजा. मी त्यांचा आकडा काढायचा, त्यांनी रात्रीत पुन्हा टाकायचा, मी पुन्हा काढायचा. एकदा तर भर चावडीवर त्यांनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. आमचं बोलणं बंद होतं.

तात्यांनी सायकल बघितली, मला बघितलं, वर तारांकडं बघितलं.

“एक कमी हाय,” ते म्हणाले.

“पाण्यात हाय.”

“मेलीय का?”

“आत्ता मेलीय. शैलाताई चार्ज करतील तवा उठंल.”

आकडे टाकणाऱ्या माणसाला तारेची समज असतेच. तात्यांना जास्त सांगावं लागलं नाही. “मग आता?”

“कुणीतरी सबस्टेशनला गेलं पायजे. तात्या, तुमी जाता का? म्हणावं, ओढ्याच्या फरशीवर तार पडलीय, फीडर चालू करू नका. माझं नाव सांगा.”

तात्यांनी पोतं डोक्यावर नीट ओढलं. मला वाटलं आता जुनं सगळं काढणार. ते म्हणाले, “तुमचं नाव काय हाय पण?”

सांगितलं. तात्यांनी गाडी वळवली आणि पोत्यासकट गेले.

त्यांचा आवाज विरतो न विरतो तोच मागून हॉर्न वाजायला लागला. लग्नाचं वऱ्हाड. पुढं जीपमध्ये नवरदेव, मागं टेंपोत बाया-माणसं, पोरं, ताडपत्रीखाली. गोरज मुहूर्ताचं लग्न, आणि मांडव पलीकडच्या गावात. नवरदेवाचे वडील, अण्णा म्हणत होते त्यांना सगळे, जीपमधून उतरले. फेटा भिजून मानेवर आलेला, चेहऱ्यावर सकाळपासूनची सगळी घालमेल.

“काय हाय? सायकल कुणाची ही?”

मी सांगितलं. पुढं तार आहे, पाण्यात आहे, थांबावं लागेल.

“किती वेळ?”

“माणूस पाठवलाय. निरोप आला की सोडतो.”

“अवो, मुहूर्त टळायलाय! तिकडं नवरी उभी हाय. आन लाईट तर सगळीकडची गेलीया. वायरीत काय ऱ्हायलंय आता?”

“अण्णा, लाईट कवा येईल त्याचा भरवसा न्हाय.”

“तुमी कोण पण?”

अंगावर कंपनीचा ड्रेस नव्हता, ओळखपत्र पाकिटात भिजून लगदा झालेलं. गुडघ्यापर्यंत चिखल, कानामागं पाल्याचा चोथा. मी म्हटलं, “मी वायरमन.” एकजण हसला. दुसरा म्हणाला, “सायकलीवर वायरमन?”

तोवर टेंपोतून चार-पाच गडी खाली उतरले होते. त्यातल्या एकानं, नवऱ्याचा मामा असावा, कडेचा ओला बांबू उचलला. “हितं चर्चा कशाला? मी बांबूनं तार वर धरतो, तुमी खालनं गाड्या काढा. लाकडात करंट येत न्हाय.”

लाकूड कोरडं असतं तेव्हा. भिजलेल्या बांबूला अकरा हजार व्होल्ट विचारत नाहीत. मी त्याच्या आडवा गेलो. त्यानं मला बाजूला सारलं. मी बांबूचं दुसरं टोक धरलं. दोन मोठी माणसं, रस्त्याच्या मध्ये, पावसात, बांबूची ओढाताण करतायत. मागं कुणीतरी सायकल उचलून कडेला फेकली. टेंपोच्या ड्रायव्हरनं गाडी चालू केली.

मग मी बांबू सोडला आणि टेंपोच्या समोर जाऊन रस्त्यावर बसलो. मांडी घालून, जेवायला बसावं तसा.

“आता घाला गाडी,” म्हटलं. “पर माझ्यावरनं.”

अण्णा हात जोडायला लागले. त्या माणसाची मला दया येत होती, खरंच. मुलाचं लग्न, नवरीकडचे लोक, जेवणावळ, सगळं त्याच्या डोक्यावर. पण मला त्या वेळी समोर सुदाम दिसत होता.

सुदाम माझ्याबरोबरचा. आम्ही एकाच वर्षी लागलो. असंच एक वादळ होऊन गेलं होतं, तारा जोडायचं काम चाललं होतं. फीडर बंद, रीतसर परवानगी घेतलेली, सगळं नियमात. मी खांबाच्या पायथ्याशी, तो वर. कुणाच्या तरी घरी जनरेटर लावला होता, त्यानं मेन स्विच पाडला नव्हता, आणि त्या जनरेटरचा करंट उलटा आमच्या लाईनीत शिरला. डीपीतून उलटा गेला की तो घरचा करंट राहत नाही, अकरा हजारच होतो. सुदामनं मला हाक मारली होती, “भानू, पक्कड टाक रे.” मी पक्कड काढून वर बघितलं तेव्हा तो पट्ट्याला लटकलेला होता. ज्याचा जनरेटर होता त्यालाही माहीत नव्हतं आपण काय केलं. त्या दिवसापासून माझ्यासाठी कुठलीही तार मेलेली नसते. नुसती झोपलेली असते.

हे मी त्यांना त्या रस्त्यावर बसून सांगितलं. इतकं नीट नाही, तुटक तुटक, थंडीनं दात वाजत होते. पुरुष ऐकत होते की नाही माहीत नाही. टेंपोतून एक म्हातारी बाई उतरली. नवऱ्याची आत्या. हिरवं पातळ, हातात अक्षतांची पिशवी छातीशी धरलेली. ती येऊन माझ्याशेजारी उभी राहिली.

“त्याला बायकू होती का?” तिनं विचारलं.

“सुदामला? व्हय. आन एक लेक.”

आत्या वळली. “अण्णा, बांबू टाकाय सांग त्याला. आपल्याला नवरी आणायची हाय घरात, कुणाला रंडकी न्हाय करायची. थांबायचं.”

“अगं पर मुहूर्त—”

“मुहूर्त जिवंत माणसाला असतो.”

अण्णांनी मामाला हातानं खूण केली. मामानं बांबू टाकला, पण रागानं, पाण्याच्या दिशेनं भिरकावला. बांबू फरशीच्या अलीकडं, पाण्याच्या काठावर जाऊन पडला. मी उठलो, सगळ्यांना टेंपोच्या मागं नेलं. पोरांना आयांनी धरून ठेवलं. पाऊस आता नुसता भुरभुरत होता. पश्चिमेला आभाळ फाटून पिवळा उजेड आला. असल्या उजेडाला लोक पिवळी सांज म्हणतात, मी मात्र मागं वळून रस्ता बघायला लागलो. पाऊस ओसरला होता. तात्या कुठवर गेले असतील?

आणि फरशीवरचं पाणी उकळलं.

तसंच म्हणावं लागेल. एक घरघर, मग फटाक्याच्या माळेसारखा तडतडाट, निळा-पांढरा जाळ, पाण्याच्या वाफा. तार सापासारखी उसळली आणि पुन्हा पडली. काठावरचा बांबू एका टोकानं पेटला, भिजलेला असून. मग एकदम शांत. फीडर पुन्हा पडला होता. एवढं सगळं व्हायला तुम्ही ही ओळ वाचता तेवढाच वेळ लागला.

टेंपोतलं एक तान्हं रडायला लागलं. मामा खाली बसला, दोन्ही हात डोक्याला लावून. अण्णा माझ्याकडं आले आणि माझा ओला हात हातात धरून उभे राहिले. मी म्हटलं, “अण्णा, अजून सोडणार न्हाय हां.” ते म्हणाले, “न्हाय, न्हाय. तुमी म्हणाल तवा.”

शैलाताईंनी नंतर सांगितलं. फीडर पुन्हा पडल्यावर त्या थोडं थांबून आणखी एकदा बघणार होत्या, कारण फांदी जळून गेली की कधीकधी दुसऱ्या वेळी टिकतो. तेवढ्यात डोक्यावर पोतं घेतलेला एक माणूस दारातूनच ओरडत आत आला, “हात लावू नका! भानुदास वायरमन म्हणलाय!” त्यांनी फीडर बंद करून पाटी लावली, आणि माझ्या जोडीदारांना गाडी घेऊन तात्यांच्या मागोमाग पाठवलं. त्यांनी लाईन दोन्ही बाजूंनी जमिनीला जोडून सुरक्षित केली, तार ओढून कडेला घेतली. एमआयडीसीतल्या त्या दोन पोरांनी आणि वऱ्हाडातल्या गड्यांनी मिळून पलीकडचं झाड सरकवलं. सगळ्यात जोर लावला तो मामानं.

गोरज टळून गेली होती. आत्या म्हणाली, “भटजीला दुसरी वेळ काढायला काय झालं? पंचांग जाड असतं.” जाताना तिनं पिशवीतल्या अक्षता काढून माझ्या डोक्यावर टाकल्या. भिजून गोळा झालेल्या. अण्णांनी जेवायला चला म्हणून फार आग्रह केला. मी गायीचं कारण सांगितलं.

घरी पोचलो तर गोठ्याचे पत्रे उडून उसात पडलेले. दारात गेलो तर मंगलनं गाय थेट सोप्यात आणून बांधली होती, पोत्यांवर, आणि शेजारी ओलं वासरू पायांवर उभं राहायची खटपट करत होतं. मंगल कंदील धरून बसली होती. “आज लवकर येतो म्हणला होता सकाळी,” एवढंच बोलली. मी काय झालं ते त्या दिवशी तिला सांगितलं नाही. चहा दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आम्ही लाईनीवर. खांब उभे केले, तार ओढली, जोड मारले. दुपारी तात्यांच्या मळ्यावरून जाताना पाहिलं तर आकडा होताच तारेवर. तात्या बांधावर उभे. मला वाटलं होतं कालच्यानंतर ते काही बोलतील, किंवा मी तरी काही बोलेन. मी शिडी लावली, आकडा काढला आणि खाली आलो. तात्यांनी तो माझ्या हातातून घेतला, गुंडाळला आणि म्हणाले, “चहा टाकलाय.” घेतला. माणूस मरेपर्यंत आकडा टाकणार याबद्दल मला शंका नव्हती. पण त्यानंतर चावडीवर माझ्या पिढ्या निघाल्या नाहीत.

मला एक रुखरुख राहिली. सुदामच्या घरी हे जाऊन सांगावं असं फार मनात होतं, की तुमच्या माणसाच्या नावानं एक टेंपोभर माणसं थांबली. त्याची बायको तोवर लेकीकडं राहायला गेली होती आणि वर्षभरातच वारली. मी जाऊ जाऊ म्हणत राहिलो.

काम उरकलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी फरशीवर जाऊन उभा राहिलो. पाणी उतरलं होतं, सिमेंटवर एक काळा पट्टा भाजल्यासारखा उमटला होता. जोडीदारांना एकेक करून हाक मारली, प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं की मी खाली आहे, तारेपासून लांब आहे. मग दोन्हीकडचा रस्ता बघितला. एक बाई शेळ्या घेऊन येत होती, ती पार होईपर्यंत थांबलो. शेवटची शेळी रेंगाळली, तिच्यासाठीही थांबलो. आता फोनला रेंज होती.

“शैलाताई,” मी म्हटलं, “सगळी माणसं बाजूला हायत. मी स्वतः बघितलं. करा चार्ज.”

वर तारेत बारीक गुंजन सुरू झालं. मग ओढ्याकाठच्या विहिरीवरची एक मोटार घुरघुरली, तिच्या पलीकडची दुसरी, मग कालव्याच्या अंगाला तिसरी, आणि बघता बघता सगळ्या शिवारात पाण्याचा आवाज पसरत गेला.